गुडघाभर

पहाटे, साकेच्या रस्त्याखालच्या खोलगटात
मझुकू गुडघाभर असतो.
मझुकू म्हणजे दुष्ट वारा.
नाव चुकलंय. वारा असता तर बरं झालं असतं,
वारा सुटला की तर तो जातो.

मी रोज मोजतो.
लांब काठीच्या टोकाला रॉकेलची चिंधी पेटवायची
आणि काठी हळूहळू खाली सोडायची.
एका जागी ज्योत चिमटीत धरल्यासारखी जाते.
आज गुडघ्याच्या चार बोटं वर.
ज्योत विझते त्याच्या वीतभर वरसुद्धा डोकं ठणकतं,
ते काठीला कळत नाही, मला कळतं.

ना रंग, ना वास.
डोंगराच्या पोटातून भेगाभेगांनी येतो
आणि हवेहून जड म्हणून पाण्यासारखा उतार शोधतो.
सकाळी तिथे सापडतात
दोन पाखरं, एक साप,
बाउमाची बकरी, दाव्यासकट,
दातांत अर्धवट चावलेली काडी.
कडेचं गवत हिरवंगार असतं.
म्हणून तर ती उतरली.

दवाखान्यातल्या फेब्रोनीबाई म्हणाल्या,
कासेरेका, हा काही परका नाही.
कार्बन डायऑक्साइड.
तू आत्ता माझ्यासमोर उच्छ्वासात सोडलास, तोच.
नाक दाब. तोंड मिट. धर किती वेळ धरतोस ते.
मी धरलं.
छातीत कुणीतरी मुठींनी दार ठोठावू लागलं.
त्या म्हणाल्या, हवा संपली म्हणून नव्हे हं,
हा साचला म्हणून.
हाच आतून हाकारतो, घे, श्वास घे.
तू झोपलास तरी हा जागा असतो.

मग मारतो कसा?

बाईंनी चष्मा पुसला.
फार झाला की हाका फार होतात.
माणूस धापा टाकतो
आणि दर धापेला आणखी तोच आत घेतो.
कपाळ फुटायला येतं, कान गुणगुणतात,
काळीज उधळतं.
मग गुंगी.
खूपच दाट असेल तर एवढंही नाही,
दोन श्वास, आणि माणूस जिथल्या तिथे बसतो.

मसिसीकडून माणसं आली त्या वर्षी
उंचावरची जागा आधी आलेल्यांना मिळाली.
खालची मोकळी होती.
खालची नेहमीच मोकळी असते.
मी तंबूतंबूंतून काठी घेऊन फिरलो,
दगड रचा, पोरांना वर निजवा,
दगडाला काय तोटा, सगळा लाव्हाच आहे.
न्यिरारुकुंडोच्या पाठीशी तान्हं बांधलेलं,
दोन पायांशी.
ती म्हणाली, बंदुकीचा आवाज तरी येतो.
मग म्हणाली,
तुझी काठी वर जागा देते का?

नाही देत.
आम्ही दुपारभर दगड वाहिले, ती आणि मी.
ओटा कमरेएवढा झाला.
तिने त्यावर चटई टाकली
आणि हाताने पुन्हा पुन्हा सपाट केली.

याच काठीवर मी माझ्या पोरांची उंची कोरायचो.
टाचा टेकव, हनुवटी खाली, हलू नकोस.
क्याकिम्वाच्या खुणा वर वर गेल्यात,
शेवटची आता माझ्या खांद्याशी.
म्बुसाच्या तीनच आहेत.
तिसरी मांडीच्या मध्यावर.
तो चेंडू आणायला उतरला होता.
मी उभा होतो तिथे मला काहीच झालं नाही.
वाकलो तेव्हा कळलं.

लोक म्हणतात, काठी बदल, झिजली.
बदलत नाही.
ज्योत त्या तिसऱ्या खुणेशी विझली
की मी ओरडत सुटतो, तंबू हलवत,
उठा, पोरं उचला, खांद्यावर घ्या, वर चला.
शिव्या खातो. अर्धवट झोपेत कुणी दगडही मारतो.

आज चार बोटं.
खुणेपर्यंत अजून वीतभर आहे.
सरोवराकडून थोडी झुळूक येतेय असं वाटतं.
बहुतेक.