पिठली

नकाशा मी तीन रात्री जागून काढला होता.
रामशेजवरून उचललेला डोंगर,
त्याच्या पोटात गुहा, गुहेत ड्रॅगन,
ड्रॅगनच्या पोटाखाली सातशे वर्षांचं सोनं.
नदीला नाव दिलं नव्हतं.
नाशिकची माणसं, नदी म्हटलं की एकच समजतात.

शनिवारी संध्याकाळी, जेल रोडला, माझ्या खोलीवर
एक चटई, वीस बाजूंचा फासा, परातभर चुरमुरे.
मुझम्मिल जादूगार झाला.
पगारे अर्थातच चोर.
केतकी ढिकलेनं तलवारबाज बाई घेतली.
प्रत्येकाला पन्नास मोहरा दिल्या मी:
चिलखत घ्या, दोर घ्या, मशाली घ्या.
केतकी म्हणाली, शेळी मिळेल का?
शेळी?
बुधवारचा बाजार असेलच ना तुझ्या राज्यात.

नव्हता.
पण मी "आहे" म्हणून बसलो.

पहिल्याच रात्री पिठलीनं जादूगाराची पोथी खाल्ली.
मी फासा टाकला: तीन पानं, अग्निमंत्रासकट.
तेव्हापासून तिच्या लेंड्या अंधारात निखाऱ्यासारख्या धगधगायच्या
आणि केतकी त्यांवर आधण ठेवायची.

मग गोठा हवा. गोठ्याला कूड, कुडाला कारवी.
राजाच्या शस्त्रागारातली ती तलवार
तिचा पहिला घाव कारवीवर.
मग एक कोंबडी आली, उलटी वीण असलेली:
आधी पिल्लू,
कवच त्याचं त्यानं नंतर घालून घ्यायचं.
मग गरुडाच्या तोंडाचा सिंह, पंख मोडलेला.
हळद भरली, फडकं बांधलं,
आता तो पंख पसरून उन्हात बसतो
आणि त्याच्यावर कुरडया वाळतात.
(एका पंखावर. दुसऱ्यावरच्या तो खातो.)
पगारे चोरी विसरून पहाटे दोन हंडे पाणी आणतो,
मुझम्मिल मंत्र म्हणतो तो गोचिडांवर.

अरे, ड्रॅगन? मी विचारायचो.
थांब रे, पिठली गाभण आहे.

केतकी राहते पाथर्डी फाट्याला, भाड्यानं, तिसऱ्या मजल्यावर.
एकदा फासे विसरली म्हणून द्यायला गेलो होतो.
लिफ्टशेजारी पाटी: पाळीव प्राण्यांस सक्त मनाई.
तिच्या किल्ल्यांना एक पितळी घुंगरू आहे,
एका बाजूनं झिजलेलं,
मानेला घासून झिजतं तसं.
मी काही विचारलं नाही. तिनं चहा केला.

पाचव्या महिन्यात मात्र मी चिडलो.
ऐन रात्री, पिठली अडलेली असताना,
ड्रॅगनलाच डोंगरावरून खाली धाडला.
गोठ्याच्या दाराएवढा त्याचा एक डोळा,
आढ्यातून धूर, सिंहसुद्धा गव्हाणीमागे.
घ्या. टाका फासे आता.

केतकीनं फासा उचलला, मुठीत धरला.
हा तलवारीचा नाही हं, म्हणाली, हा पिठलीचा.
एकोणीस.
करडू बाहेर आलं, ओलं, काळं, एक कान दुमडलेला.
कुणी बोलेना. पगारे खरोखर उभा राहिलेला.
आता ड्रॅगननं गर्जायचं होतं,
त्यावर तलवारीचा वार पडायचा होता,
तसं लिहिलेलं होतं माझ्या वहीत, पान बावीस.
मी श्वास घेतला, आवाज घोगरा केला,
आणि ड्रॅगन म्हणाला,
"वार पडली का?"

रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलो मी.
हा प्रश्न माझ्या तोंडात कुठून आला, ठाऊक नाही.
"पडेल," केतकी म्हणाली, "बस जरा. दार लाव, गारठा येतोय."
तो बसला. दार त्याच्यानं लागेना,
म्हणून स्वतःच दाराला टेकून बसला.

सोनं तिथंच आहे, कुणी मोजायलाही गेलं नाही.
नकाशावर डोंगराच्या जागी चहाचा गोल डाग पडलाय.

परवा बुधवारी भाजीला गोदाकाठी गेलो.
दोरखंडवाल्यापाशी थांबलो, दाव्याचा भाव विचारला.
कशाला हवं, गाईला की म्हशीला?
मी जमिनीपासून वीतभर वर हात धरला
आणि म्हणालो, एवढं आहे अजून.