ओच्या डोक्यावरची लाट

वाल्गाच्या ग्रंथालयात सात संगणक,
सगळे कुणी ना कुणी टाकून दिलेले.
त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्याची मेमरी इतकी तुटपुंजी
की लॉगिनचा नटवा पडदा उघडतानाच
त्याला धाप लागायची.
म्हणून मी त्याच्यासाठी दार लिहिलं.

साधंच. तेराशे ओळींचं.
मागे चित्र नाही, घड्याळ नाही,
राखाडीवर दोन चौकटी: नाव, आणि ठिपके.
कुणी शब्द टाकला की आत जाऊन विचारायचं,
होकार आला की बाजूला व्हायचं
आणि ऐकलेलं तिथल्या तिथे विसरायचं.
शब्द जिथे ठेवला होता तिथे शून्यं भरायची,
एकही कोपरा न सोडता.
माणसांना हे जमत नाही.
मलाही नाही.

हजाराच्या आतले क्रमांक यादीत दाखवायचे नाहीत.
ते यंत्रातले गडी: कुणी छपाई बघतो, कुणी वेळ सांभाळतो.
घरातच राहतात, त्यांना दाराचं काय काम.

नोव्हेंबरात साल्मे ताम्मेला आल्या.
वय एक्क्याऐंशी, लोकरी टोपी डोक्यावर तशीच,
रीगाहून मुलीचं पत्र येतं, ते वाचायला.
दोन बोटांनी शब्द टाकला. चूक.
पुन्हा. चूक.
तिसऱ्यांदा दार तीन सेकंद गप्प राहिलं
(हे मीच लिहिलंय, चोरांसाठी)
आणि म्हणालं, चूक.
"माझा शब्द मला ठाऊक आहे,"
त्या म्हणाल्या, दाराला नव्हे, मला.

रात्री सगळ्या ओळी चाळल्या. दोनदा.
दुसऱ्या दिवशी त्यांच्याशेजारी खुर्ची ओढली:
"शब्द सांगू नका. एवढंच सांगा,
त्यात ते आपलं अक्षर आहे का,
ओच्या डोक्यावर लाट असलेलं?"

त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं.
मग टोपीसकट मान हलली.

दाराला ते अक्षर येतच नव्हतं.
रस्त्यापलीकडे लाटव्हिया. सीमेवर आता कुणी नसतं,
चौकीच्या जागी सायकली उभ्या असतात.
आणि मी, याच गावात वाढून,
असा पहारेकरी घडवला
ज्याला आमची भाषा कळत नाही.
कळ दाबली लाटेची, त्याने ऐकला चौकोनी कंस.
पडद्यावर ठिपका मात्र ठिपकाच.
ठिपक्याला उच्चार नसतो.

दुरुस्ती एका ओळीची:
आधी कळफलक वाच, मग माणसाला विचार.
आवृत्ती शून्य पूर्णांक नऊ.
का, ते नोंदीत लिहिलं नाही.

गुरुवारी त्यांनी शब्द टाकला. दार बाजूला झालं.
आत काय उघडलं ते मला माहीत नाही, दारालाही नाही.
ते मागे कुठेतरी, जवळजवळ काहीच न खाता,
त्या बाहेर यायची वाट बघत थांबलं.

साडेपाच. बाहेर मिट्ट अंधार.
टोपी कानांवर ओढून त्या निघाल्या.
पडदा पुन्हा राखाडी.

नाव?