आढळले नाही

संस्थेने वही पाठवली आहे स्कॅन करून,
दोनशे सत्तर पानं, पानाला साडेतीनशे रुपये,
मुदत दिवाळीपर्यंत.
कोथरूडच्या चौथ्या मजल्यावर मी ती उघडते
तेव्हा खाली रद्दीवाला कुणाची तरी पुस्तकं तोलतोय
आणि माझ्या टेबलावर
सुगेनो फुमिए, वय एकाहत्तर,
आपलं अंगण तोलतेय.

ओसरी : शून्य पूर्णांक एकसष्ट.
विहीर : शून्य पूर्णांक अठ्ठावन्न.
काकीच्या झाडाखाली : एक पूर्णांक चार.

काकी म्हणजे तिकडे एक फळ.
टिळक रोडवरच्या जपानीच्या वर्गात
पहिल्याच आठवड्यात खिदळलो होतो सगळे,
काकी सोलतात, काकी दोरीला टांगून वाळवतात,
आणि पलांडे सरांनी फळ्यावर डस्टर आपटलं होतं.
आता हसू न येता टाइप होतं :
यंदाही काकी खायच्या नाहीत.

संस्थेला इंग्रजी हवंय.
पण वाक्य माझ्याकडे आधी मराठीत येतं,
दाराशी चपला काढतं, मग पुढे जातं.
"मात्रा" तशीच आली.
वैद्याची सहाणेवर उगाळलेली,
अक्षराच्या डोक्यावरची,
आणि ही,
जिच्यापुढे कुणाचीच मात्रा चालली नाही.

तिसऱ्या वर्षी पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली.
झाडाची साल फवाऱ्याने धुतली,
अंगणाची चार बोटं माती खरवडून
काळ्या पिशव्यांत भरली,
पिशव्या समोरच्याच भातखाचरात रचल्या.
फुमिए लिहिते : सासूबाईंनी पन्नास वर्षं
राख आणि शेणखत घालून केलेली माती.
पिशवीचा नंबर टिपून ठेवला.
खरंच ठेवलाय. अकरा आकडी.

"किती दिवसांत जातं गं ते?"
शेजारच्या उकिडवे काकू, हातात वाटी, विरजणाला आल्या होत्या.
तीस वर्षांत निम्मं.
"आणि उरलेलं?"
त्याच्या निम्मं, आणखी तीस वर्षांनी.
"म्हणजे जातच नाही मेलं,"
म्हणाल्या, आणि विरजण न घेताच गेल्या.

वर्षातून एकदा देहाची मोजणी.
यंत्रात दोन मिनिटं उभं राहायचं, हलायचं नाही.
निकालाच्या चौकटीत तीन अक्षरं.
त्यांचा अर्थ "नाही" असा नाही,
"आढळले नाही" असा आहे.
या दोहोंच्या मधल्या जागेत
मी एक अख्खी दुपार बसून काढली.
सेंदाईची नात मात्र
मुलाकडच्यांना गावाचं नावच सांगत नाही.

नवव्या वर्षापासून वहीला भोकं पडू लागतात.
चार दिवस कोरे. मग : मुळे उपटले, मोजलं नाही.
अकरा दिवस कोरे. मग : सुमोचे सामने, रात्री जागले.
एक एप्रिल तर सबंध गायब.
त्यापुढे शाळा उघडल्याचं कात्रण, सात मुलं,
समासात पेन्सिलीने : आठवं टपालवाल्याच्या बायकोच्या पोटात.

डॉक्टर नेर्लेकरांची मेल आली,
कोऱ्या तारखांना "माहिती उपलब्ध नाही" लिहा.
लिहिते आहे.
एकशे बारा वेळा लिहून झालं,
आणि दर वेळी त्या रिकाम्या चौकटीतून
मला भांडी घासल्याचा आवाज येतो.

शेवटून दुसरं पान :
प्रयोगशाळेतून काकीची चिठ्ठी आली. आढळले नाही.
एक खाल्ली.
बाकीच्या पाखरांना ठेवल्या.
मुलाला फोनवर बोलले नाही.

काल मार्केट यार्डात एका गाडीवर दिसली,
केशरी, चकचकीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात.
कुठली, विचारलं.
"हिमाचलची. तिकडं जपानी फळ म्हणतात, ताई."
चार घेतली, घासाघीस न करता.
एक कच्चं निघालं,
तोंडाला अशी मिठी बसली
की दोन पेले पाण्यानेही सुटेना.