वास

देवळालीगावात आमच्या गच्चीवर तार बांधलीये.
वैशाखात तिसऱ्या दिवशी पट्ट्या कडक होतात,
टिचकी मारली तर
वाळल्या पत्रावळीसारख्या वाजतात.
आई तुरकाठी घेऊन कावळे हाकते,
शिव्या देते, त्यातल्या एकाला
तिनं नावही ठेवलंय.

मांस म्हशीचं. पावती
मी डब्याच्या झाकणाला चिकटवून ठेवते,
कुणी विचारायच्या आत.

मीठ, हळद, लवंगी मिरची.
प्रमाण आईच्या मुठीत,
माझ्या वहीत ते ग्रॅममध्ये उतरत नाही.

सातपूरला सोळा वर्षं मी दुसऱ्यांचे पुडे सील केले.
आता भद्रकालीतून जुनं मशीन आणलं,
बावीसशेला, दांडा जरा सैल.

सुगत म्हणाला, लेबल इंग्रजीत कर, मावशी,
जिमवाले घेतील.
मी लिहिलं : चान्या. शंभर ग्रॅम.
शाळेत याच डब्याचं झाकण
मी अर्धंच उघडायचे.

पहिलं पाकीट आईच्या हातात दिलं.
तिनं नाकाला लावलं,
उलटं केलं, पुन्हा लावलं.
"येतच नाही गं."

भाड्याच्या खोलीत ती
खिडकीत गोणपाट कोंबून भाजायची,
वर दोन उदबत्त्या.
तेव्हा कुठं होतं हे मशीन.

सहाला कुरियरवाला यायचा होता.
चाळीस मोजून ठेवली होती,
पिशवीत एकोणचाळीसच.

आत गॅसपाशी आई,
पाकिटाचा कोपरा दातानं फाडलेला,
तवा तापलेला,
आणि दार
सताड उघडं.