ळ

दिवा गाव, ऐरोली. समाजमंदिराच्या मागची खोली.
एकवीस मुलं, एक पंखा,
आणि जुन्या लग्नपत्रिका कापून शिवलेलं
माझं चित्रांचं पुस्तक.
तिसऱ्या पानाच्या पाठीवर कुणाचा तरी अर्धा गणपती,
मांजराच्या पोटाखाली कुणाचं 'आग्रहाचं निमंत्रण'.

प्रत्येक पानावर एक खिडकी, बंद.
मी ओळ म्हणते, अडते,
मुलं शब्द ओरडतात,
मग खिडकी उघडायची.

    खाडीवरती आलं आभाळ,
    त्याने घातली ढगांची माळ,
    चिखलामध्ये लोळतंय...

"बाळ!" वीस तोंडं.
खिडकीत निवटीचं बाळ, डोळे कपाळावर.
हसणं ओसरल्यावर एक आवाज, उशिरा:
"जालं."

मंथन मढवी.
जूनपासून एक शब्द नाही.
डबा उघडून हवा असला तरी
नुसता पुढे सरकवणारा.
"काय झालं? कुणाचं झालं?" मुलं खिदळली.

तक्त्यावर ळच्या घरात कमळ आहे.
ळने सुरू होणारा शब्दच नाही आपल्याकडे,
कुणीतरी पुढे उभं राहावं लागतं, मग हा मागून येतो.
प्रार्थनेच्या रांगेत मंथन असाच.
जीभ वर वळव, म्हण ळ,
असं सांगणार होते मी. ओठांवर आलेलं गिळलं.
माझी आई सकाल म्हणायची, केल म्हणायची.
मी बाई झाले तेव्हापासून
माझ्यासमोर बोलताना अडखळायची.

दुसऱ्या दिवशी मंथनच्या मुठीत
हिरवा नायलॉन, बापाच्या फाटक्या जाळ्यातला.
सुकटीचा वास खोलीभर.
फेविकॉल मागितला नाही, ओढूनच घेतला.
पुठ्ठ्यावर दोन वेटोळी, मध्ये गाठ.
"यो बग."

ळ.
एका बाजूने फुगलेला, जरा कलंडलेला,
पण ळ.

"काय म्हणायचं ह्याला?"
"ल," तो म्हणाला, ठामपणे.
मी मान डोलावली.

निवटीच्या बाळाशेजारी आता दुसरी खिडकी आहे.
मुलं दोन्ही ओरडतात, बाळ आणि जालं.
यमक नीट बसत नाही.
पण दोन्ही म्हटल्याशिवाय
पान उलटू देत नाहीत मला.

काल मधल्या सुट्टीत पाहिलं,
समाजमंदिरातली मांजर
ते एकच पान हुंगत बसली होती.