पाणसळ

कमरेचं ऑपरेशन झालं लातूरला, बुधवारी.
शुक्रवारी पाठीला दोन उशा लावून बसवलं मला
आणि डोक्यात काहीतरी वर चढलं.

बायकोला म्हणलं, डोकं दुखलालंय.
ती म्हणाली, भुलीचं असंल.
म्हणलं, आत पाणी वाजलालंय,
अर्ध्या घागरीसारखं,
मान वळवली की डुचमळतंय.
शेजारच्या कॉटवरचा औशाचा मास्तर हसला.

रात्री म्हणे मी अंत्याला हाका मारल्या,
तीनशे विटा कमी आल्यात, ट्रॅक्टर सोडू नको,
आणि सलाईनच्या नळीला ओळंबा समजून
वॉर्डाची भिंत तपासली.
मला यातलं काही आठवत नाही.
एवढंच आठवतं, की भिंत बाहेर होती.

पहाटे डोकं मशीनमध्ये घातलं.
डॉक्टर चिद्रवारांनी काळी फिल्म खिडकीला धरली.
देवर्जनच्या रस्त्यावरून हत्तीबेट दिसावं
तसा माझा मेंदू, दबलेला, खाली;
वर सगळं काळं.
"ही हवा," ते म्हणाले.
"मणक्याभोवती पाण्याची पिशवी असती. तिला बारीक चीर गेली.
पाणी खाली झिरपलं, हवा वर गेली.
बावीस वर्षांत तुम्ही दुसरे."

मी गवंडी माणूस.
किल्लारीच्या नव्या वस्त्यांत विटा वाहत शिकलो,
तवापासून लेव्हलपट्टी काखेत.
हिरवं पाणी, दोन रेघा, एक बुडबुडा.
हवा कुठं जाती हे मला काय सांगायचं?
जिकडं उंच तिकडं.
बसलो की टाळूला,
कुशीवर झालो की कानाकडं.
म्हणलं, मग मला सपाट ठेवा की.
डॉक्टर जरा थांबले.
"तेच करणार आहोत, मन्मथराव."

उशी काढली. नाकातोंडावर ऑक्सिजन.
खोकायचं नाही, शिंक दाबायची नाही, कुंथायचं नाही.
सात दिवस मी छत वाचलं.
स्लॅबवर सेंट्रिंगच्या फळ्यांचे वळ,
चौथ्या फळीशी कुणा मिस्त्रीची घाई.

मेव्हण्यानं उदगीरभर सांगितलं,
भावजींच्या डोक्यात हवा गेली.
फोनवर माणसं हसायची.
गुरुबाईपण हसायची, चमच्यानं वरणात कुस्करलेली भाकर देता देता,
मग मध्येच चमचा थांबायचा.
रात्री ती माझा श्वास मोजायची.
मी झोपलो असं तिला वाटायचं.

आठव्या दिवशी मान हळूच हलवली.
घागर गप्प.
"कुठं गेली?" विचारलं.
"रक्तात विरली," डॉक्टर म्हणाले,
जसं काही पाहुणी होती, न सांगता उठून गेली.

दोन महिन्यांनी नळेगाव रोडच्या साईटवर गेलो, पट्टा बांधून.
खिडकीवरचा लिंटेल अंत्यानं एकट्यानं टाकलेला.
पट्टी ठेवली.
बुडबुडा अर्धा रेघेबाहेर.
अंत्या माझ्या तोंडाकडं बघत उभा, हातात थापी.
मी पट्टी उलटून परत ठेवली.
कधी पट्टीच खोटी असती,
ते आधी बघायचं असतं.
परत तेवढाच बाहेर, त्याच बाजूला.

"पाड," म्हणलं,
आणि बसायला खुर्ची मागितली,
साईटवर, पहिल्यांदा.