पिता येईल असं

सकाळी साडेसातला माझी फेरी सुरू होते.
खांद्यावर निळी पेटी, पेटीत बर्फ,
बर्फात बारा बाटल्या, निर्जंतुक, रिकाम्या.
तेरा वर्षं मी मोन्तेविदेओत
दारोदार पाणी मागतो.
नळ दोन मिनिटं सोडायचा, तोटी ज्योतीवर भाजायची,
बाटली काठोकाठ भरायची नाही.
तिलाही श्वास लागतो, असं नव्या पोरांना सांगतो.
खोटं आहे. हलवायला जागा लागते, एवढंच.

त्या वर्षी धरण तळाला गेलं.
गाळाला भेगा पडल्या, लोक भेगांचे फोटो काढायला गेले.
मग मुखाकडचं पाणी उपसून त्यात मिसळलं,
जिथं आपण अजून नदी आहोत की समुद्र
हे नदीलाही नक्की ठाऊक नसतं.

जिभांना आधी कळलं, प्रयोगशाळेला मागाहून.
ला तेखातली नेल्बाबाई भोपळ्याच्या कपातली माते
नळीनं ओढता ओढता थांबली:
"सत्तर वर्षं कडू पितेय.
खारट कधी प्यायले नव्हते."
कोपऱ्यावरच्या इस्माएलनं पिठात मीठ घालणं सोडलं.
"सरकारनं घातलंय आधीच," म्हणाला,
आणि वहीत मिठापुढं शून्य मांडलं.

मग एके रात्री मर्यादा वाढली.
काल नापास झालेली बाटली
आज पास.
पाणी तेच. बाटलीही तीच.
टीव्हीवर कोट घातलेला माणूस शब्द जपून म्हणाला,
पिण्यायोग्य म्हणता येणार नाही,
पण पिता येईल असं आहे.

यानिनाच्या कडेवर चौदा दिवसांचं पोर,
ओट्यावर दुधाच्या भुकटीचा डबा, झाकण उघडं.
"तुम्ही रोज मोजता. सांगा. घालू?"
माझ्या तक्त्यात सोडियमचा रकाना आहे,
क्लोराइडचा, रंगाचा, वासाचा.
मी म्हणालो, बाटलीचं आणा.
ती म्हणाली, किती दिवस?
तोटी अजून गरम होती. मी पेटी उचलली.

माझे वडील वाल्देमार. रक्तदाब, दोन गोळ्या.
उमेदीत त्यांनी या शहराखाली नळ टाकले,
कुठल्या रस्त्याखाली कुठला सांधा, अजून बोटांवर.
मी दर शनिवारी सहा कॅन चढवायचो तिसऱ्या मजल्यावर.
कॅन रिकामे व्हायचे. घोटे मात्र सुजत गेले.
एकदा मी लवकर पोचलो.
ते बाल्कनीत जिरेनियमला कॅनचं पाणी घालत होते,
कुत्र्याची वाटी त्याच पाण्यानं भरलेली.
टेबलावर त्यांचा स्वतःचा पेला, अर्धा.
तेरा वर्षांत पहिल्यांदा
एक नमुना मी जिभेवर घेतला.

"पाणी विकत? आपल्या शहरात?
आणि झाडाला काय ठाऊक कुणाचं काय चुकलं."
मी ओरडलो. बराच वेळ ओरडलो.
ते ऐकून घेत होते, जसं
नळ सोडून हवा निघून जायची वाट बघतात.
मग म्हणाले, "खाल्ल्या मिठाला जागतोय, पोरा."
आणि हसले, आणि त्यांना धाप लागली.

ऑगस्टात पाऊस आला. आकडे उतरले,
कोटवाला माणूस पुन्हा टीव्हीवर आला, या वेळी शब्द न जपता.
इस्माएल मात्र विसरला.
आठवडाभर त्याच्या पावाला चवच नव्हती,
गिऱ्हाइकं चावून एकमेकांकडे बघायची,
कुणाला काय कमी आहे ते सांगता येईना.

इस्पितळातून वडील घरी आले त्या दिवशी
मी पेटीशिवाय त्यांच्या मोरीपाशी उभा राहिलो.
सवयीनं नळ दोन मिनिटं सोडला.
"वाया घालवू नकोस," आतून आवाज आला.
मी पेला भरला, काठोकाठ.
ते प्याले. पावाचा तुकडा मोडला.
"अळणी," म्हणाले,
आणि मिठाची बरणी शोधत राहिले,
जी डॉक्टरांच्या सांगण्यावरून
माझ्या कोटाच्या खिशात होती.